इंजिनाचे रक्ताभिसरण आणि लँचेस्टर

गाडीची किल्ली फिरवली की समोरच्या पॅनलवर काही दिवे लागतात आणि इंजिन सुरू होताच विझतात. त्यातला एक लाल दिवा तेलाच्या कुपीच्या आकाराचा असतो, चोचीतून थेंब गळतो आहे असे ते चित्र. पुष्कळ जण त्याला तेल कमी झाल्याचा दिवा समजतात. बहुतेक गाड्यांत तो तेलाच्या पातळीबद्दल काहीच सांगत नाही, तेलाच्या दाबाबद्दल सांगतो. हा फरक रक्त आणि रक्तदाब यांच्यातल्या फरकाएवढा मोठा आहे. शरीरात पाच लिटर रक्त असले तरी दाब पार कोसळला, तर काही मिनिटांत मेंदूला इजा होते. इंजिनाचेही तसेच. तळाच्या टाकीत, म्हणजे गॅरेजच्या भाषेत चेंबरमध्ये, तेल काठोकाठ असले तरी दाब नसेल तर फिरणारे भाग एकमेकांवर घासतात, तापतात आणि चिकटून बसतात.

मोटारीच्या इंजिनात तेल नुसते शिंपडून भागणार नाही, ते पंपाने दाब देऊन प्रत्येक बेअरिंगपर्यंत पोचवले पाहिजे, हे ज्या थोड्या लोकांनी फार लवकर ओळखले आणि विकायच्या गाडीत करून दाखवले, त्यांत फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर हा इंग्रज अभियंता होता. ब्रिटनमधल्या मोटारीच्या इतिहासात त्याचे नाव मोठे आहे, विमानविद्येच्या इतिहासात आणखी मोठे. आपल्याकडे हे आडनाव कोणी ऐकले असेल तर बहुधा जोधपूरमुळे. तिथल्या उमेद भवन राजवाड्याचा वास्तुविशारद हेन्री व्हॉन लँचेस्टर हा फ्रेडरिकचा थोरला भाऊ.

फ्रेडरिकचा जन्म २३ ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनच्या लुइशॅम भागात झाला. आठ भावंडांचे घर. वडील वास्तुविशारद, आई गणित आणि लॅटिन शिकवणारी. माणसे हुशार आणि तितकीच हट्टी. त्याची बहीण ईडिथ हिने १८९५ मध्ये लग्न न करता आपल्या जोडीदाराबरोबर राहायचे ठरवले, तेव्हा घरच्यांनी एका मनोविकारतज्ज्ञाला बोलावून तिला वेड्यांच्या खासगी रुग्णालयात टाकले. डॉक्टरांनी दाखल्यावर वेडाचे कारण लिहिले ते अतिशिक्षण! चार दिवसांत सरकारी तपासनिसांनी तिला शहाणी ठरवून सोडले. वैद्यकाच्या इतिहासातली ही लाजिरवाणी नोंद इंग्लंडात अजून सांगितली जाते.

फ्रेडरिक साउथहॅम्प्टनच्या हार्टली संस्थेत शिकला, मग शिष्यवृत्तीवर लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या विज्ञान विद्यालयात गेला. पदवी मात्र घेतली नाही. काही दिवस पेटंटच्या कामासाठी नकाशे काढले आणि विशीतच बर्मिंगहॅमच्या एका गॅस इंजिनच्या कारखान्यात आठवड्याला एक पौंड पगारावर लागला. नोकरीच्या करारात एक अट होती, की कामगाराने केलेली प्रत्येक सुधारणा मालकाच्या मालकीची राहील. लँचेस्टरने सही करण्याआधी ती अट खोडून टाकली. पुढे इंजिनाचा वेग आवरणारे त्याचे नियंत्रक त्याच कारखान्याने वापरले आणि त्याची रॉयल्टी त्याला मिळत गेली. पैशाच्या बाबतीत त्याने इतकी सावधगिरी पुढच्या आयुष्यात फारशी दाखवलेली दिसत नाही.

त्या काळी इंजिनाला तेल कसे मिळे, हे समजून घेतले पाहिजे. बेअरिंगच्या वर काचेची कुपी बसवलेली असे, तिच्यातून थेंब थेंब तेल पडे, भाग ओलसर करी आणि खाली गळून वाया जाई. दुसरी पद्धत शिंपडण्याची. दांड्याचे टोक तळाच्या तेलात बुडून वर येताना तेल उडवायचे आणि ते जिथे पडेल तिथे पडायचे. हळू फिरणाऱ्या इंजिनाला हे चालून जाई. सलाइनचा थेंब मोजून शरीराची तहान भागवावी तसा तो प्रकार. वेग वाढला, भार वाढला की पुरवठा कमी पडे.

तेल नेमके करते काय, याचे उत्तरही तेव्हा नवे होते. १८८३ मध्ये ब्यूशँप टॉवर हा अभियंता रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्याला भोक पाडले. तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊ लागले. त्याने बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. शेवटी दाबमापक लावला, तेव्हा आतला दाब बेअरिंगवरच्या सरासरी भाराच्या दुपटीहून जास्त निघाला. फिरणारा आस स्वतःच तेल आपल्याबरोबर ओढत होता, ते निमुळत्या फटीत कोंबत होता आणि त्या पाचरीवर तरंगत होता. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये याचे गणित मांडले. पावसाळ्यात भरधाव गाडी रस्त्यावरच्या पाण्यावर तरंगून घसरते, त्यामागेही हेच गणित आहे. रस्त्यावर ते जीव घेते, बेअरिंगमध्ये इंजिन वाचवते.

म्हणजे भार पेलणारा दाब पंप निर्माण करत नाही. पंपाचा दाब सहसा तीन-चार वातावरणांएवढा, तर बेअरिंगच्या पाचरीतला दाब शेकडो वातावरणांएवढा असू शकतो. पंपाचे काम वेगळे आहे. पाचर तयार व्हायला लागणारे तेल क्षणभरही कमी पडू नये आणि घर्षणाची उष्णता तेलाबरोबर वाहून जावी, एवढे तो पाहतो. हृदयही अवयवांचे काम करत नाही, ते फक्त पुरवठा तुटू देत नाही.

पंपाने दाब देऊन तेल फिरवण्याची कल्पना लँचेस्टरची स्वतःची नव्हे, हे सांगायला हवे. त्याच बर्मिंगहॅममध्ये बेलिस यांच्या कारखान्यातला आराखडे काढणारा अल्बर्ट पेन याने वाफेच्या जलद इंजिनांसाठी ती १८९० मध्ये पेटंट केली होती. पण ती इंजिने जमिनीला पक्की बसवलेली, त्यांच्याजवळ एक माणूस कायम उभा. रस्त्यावर धक्के खात, चढ-उतार करत जाणाऱ्या आणि वंगणाचा विचारही न करणाऱ्या माणसाने चालवायच्या यंत्रात ती आणणे ही वेगळी गोष्ट होती.

लँचेस्टरने आधी १८९४ मध्ये ऑक्सफर्डला एक मोटारबोट पाण्यात सोडली आणि १८९६ मध्ये एका सिलिंडरची गाडी रस्त्यावर आणली. संपूर्ण ब्रिटिश बनावटीची ती पहिली चारचाकी पेट्रोल मोटार मानली जाते. इतरांच्या मोटारी तेव्हा घोडा सोडलेल्या बग्गीसारख्या दिसत, त्याने गाडीचा विचार कोऱ्या कागदापासून केला. त्याचा एक विचार कोणत्याही डॉक्टरला आवडेल. माणूस आयुष्यभर चालतो, त्याचे डोके चालताना एका ठरावीक लयीत वरखाली होते आणि मेंदूला व डोळ्यांना तिची सवय असते. म्हणून गाडीच्या स्प्रिंगा त्याने अशा बेतल्या, की गाडीचा हेलकावा चालण्याच्या लयीशी जुळावा. बसणाऱ्याचे डोळेही चालणाऱ्या माणसाच्या उंचीवर राहावेत, असा त्याचा हिशेब होता. प्रवासात मळमळणे, डोके जड होणे यांचा संबंध हेलकाव्याच्या गतीशी आहे हे आज सर्वमान्य आहे.

डिसेंबर १८९९ मध्ये भाऊ जॉर्ज आणि फ्रँक यांच्यासह त्याने कंपनी काढली. सुटे भाग एकमेकांच्या जागी बसतील इतक्या काटेकोर मापात बनवायचे, हा त्याचा आग्रह. १९०२ मध्ये त्याने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. गिऱ्हाइकांत रुडयार्ड किपलिंग होता, मुंबईत जन्मलेला तोच लेखक. रस्त्यात बंद पडणाऱ्या सुरुवातीच्या गाड्यांचे किस्से त्याच्याकडे भरपूर होते. पुढच्या काळात नवानगरचे जामसाहेब, म्हणजे क्रिकेटचे रणजी, लँचेस्टर गाड्यांचे मोठे शौकीन झाले. एवढे असूनही १९०४ मध्ये, मागण्या हातात असताना, खेळत्या भांडवलाअभावी कंपनी दिवाळ्यात निघाली. नव्या नावाने ती उभी राहिली, पण फ्रेडरिकचे स्थान कमी झाले. संचालक मंडळाला तंत्रज्ञ नको असतो, विक्रेता हवा असतो. ही तक्रार तेव्हाही होती.

याच सुमारास आलेल्या त्याच्या चार सिलिंडरच्या इंजिनात दाबाने तेल फिरवण्याची व्यवस्था होती. पंप तेल उचलून क्रँकशाफ्टच्या मुख्य बेअरिंगांना देई. तिथून ते खुद्द शाफ्टच्या पोटात आरपार पाडलेल्या छिद्रांतून पिस्टनच्या दांड्यांच्या बेअरिंगांपर्यंत जाई. पोलादी शाफ्टला धमनीसारखे पोकळ करून त्यातून तेल नेण्याची ही युक्ती आज जवळजवळ प्रत्येक गाडीत आहे. ती तेव्हा किती पुढची होती, हे कळण्यासाठी एवढे पुरे, की १९०८ मध्ये आलेल्या आणि लाखांनी खपलेल्या फोर्डच्या मॉडेल टीमध्ये तेलाचा पंपच नव्हता. काटेकोर मापाचा आग्रहही इथे कामी आला. फट जास्त झाली तर तेल जवळच्याच बेअरिंगमधून निसटते आणि शेवटच्या बेअरिंगपर्यंत पोचत नाही.

आजचा पंपही तत्त्वाने साधाच आहे. चेंबरच्या तळाशी जाळी लावलेली नळी तेल ओढते. पंपात दोन दातेरी चाके एकमेकांत अडकून फिरतात आणि तेल त्यांच्या मधून नव्हे, तर दात आणि बाहेरचे कवच यांच्यामधल्या खाचांतून, कडेकडेने पुढे नेले जाते. पुष्कळ गाड्यांत याऐवजी एकात एक फिरणारी दोन चाके असतात, आतल्याला बाहेरच्यापेक्षा एक दात कमी. पुढे स्प्रिंग लावलेली एक झडप असते. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ती उघडते आणि जादा तेल परत पाठवते. मग फिल्टर, मग मुख्य वाहिनी, मग बेअरिंगे, आणि काम झालेले तेल पुन्हा चेंबरमध्ये. विश्रांतीत असलेले हृदय शरीरातले सगळे रक्त सुमारे मिनिटात एकदा फिरवते. वेगात असलेल्या इंजिनाचा पंप सगळे तेल मिनिटाला अनेकदा फिरवतो. भाराखाली बेअरिंगमधला तेलाचा थर जिथे सर्वांत पातळ होतो, तिथे तो एका तांबड्या रक्तपेशीच्या रुंदीहूनही कमी असतो. तेलातली डोळ्यांना न दिसणारी कचसुद्धा घात का करते, हे यावरून कळेल.

दाब कमी आला की पंप गेला, असा निष्कर्ष गॅरेजमध्ये घाईने काढला जातो. रक्तदाब कमी आला म्हणून कोणी लगेच हृदय बदलत नाही. आधी रक्तस्राव पाहतात, म्हणजे इथे तेलाची पातळी. मग रक्तवाहिन्या सैलावल्या आहेत का, म्हणजे बेअरिंगे झिजून फटी वाढल्या आहेत का. मग तेल पेट्रोल मिसळून पातळ झाले आहे का, जाळी गाळाने तुंबली आहे का, झडप उघडी अडकली आहे का. दुरुस्तीत चेंबर चिकटवताना जास्त लावलेल्या सिलिकॉनचे तुकडे जाळीत जाऊन बसतात, हेही कारण अनेकदा निघते. आणि सर्वांत आधी, दाब मोजणारे यंत्र तरी बरोबर आहे का? दिव्याचा सेन्सर बिघडलेला असू शकतो. चांगला मेकॅनिक म्हणून सेन्सर काढून तिथे काट्याचा दाबमापक लावतो आणि गरम इंजिनावर दाब पाहतो. पंप स्वतः बिघडतो, पण यादीत त्याचा नंबर बराच खाली आहे.

काही जण झिजलेल्या इंजिनात मुद्दाम जाड तेल घालतात. दिवा विझतो, काटा वर जातो. पण फटी तशाच राहतात आणि सकाळी थंड इंजिनात ते जाड तेल लांबच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोचते. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या औषधाने आकडा सुधारावा आणि मूत्रपिंडे उपाशीच राहावीत, तसे ते आहे. तेलाची जात गाडीच्या पुस्तिकेत दिलेलीच घ्यावी.

पंपाची खरी देखभाल म्हणजे तेलाची देखभाल. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून, डिपस्टिकवर पातळी पाहायची. दोन खुणांच्या मध्ये असली की झाले. तेल आणि फिल्टर एकदमच बदलायचे. पुस्तिकेत किलोमीटर आणि महिने असे दोन्ही आकडे असतात, जो आधी येईल तो धरायचा. गाडी फार चालत नाही म्हणून तेल बदलले नाही, असे निवृत्त मंडळी सांगतात. घर ते भाजी मंडई एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीचे तेल नीट तापतच नाही, त्यात पाणी आणि पेट्रोलचा अंश साचतो आणि गाळ धरतो. लांब पल्ल्याच्या गाडीपेक्षा अशा गाडीची जाळी लवकर तुंबू शकते. सकाळी गाडी चालू करताच ॲक्सिलरेटर दाबून गुरगुरवायची सवयही सोडावी. तेल वर पोचायला थोडा वेळ लागतो.

आणि तो लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ, घर जवळच आहे, असे म्हणू नये. गाडी सुरक्षितपणे कडेला घ्यावी, इंजिन लगेच बंद करावे, पातळी पाहावी आणि पातळी ठीक असेल तर गाडी ओढूनच न्यावी. तो दिवा दाब जवळपास संपल्यावरच लागतो. छातीत कळ आल्यावर जिना चढून पाहण्यासारखे ते साहस आहे. काही मिनिटांत हाफ इंजिनचे काम निघते.

लँचेस्टरच्या आयुष्याचा दुसरा भाग आकाशाकडे वळला. समुद्रप्रवासात पंख न हलवता तरंगणारे सीगल पाहून त्याला उड्डाणाची ओढ लागली होती. पंखाभोवती हवा कशी फिरते आणि पंखांच्या टोकांशी भोवरे कसे सुटतात, हा त्याचा सिद्धांत १८९७ मध्ये विद्वत्संस्थांनी नाकारला. विमान उडण्याच्या सहा वर्षे आधीची ही गोष्ट. १९०७ आणि १९०८ मध्ये त्याने त्यावर दोन ग्रंथ लिहिले. पुढे गटिंगेनच्या लुडविग प्रांटल यांनी हेच विचार गणिताच्या नीट भाषेत मांडले, तेव्हा जग वळून पाहू लागले. इंजिनाची थरथर मारणारे त्याचे संतुलनदंड १९०४ च्या सुमाराचे, आणि १९७० च्या दशकात जपानी कंपनीने ते पुन्हा बाजारात आणले. युद्धात सैन्यबळाचा परिणाम संख्येच्या वर्गाने वाढतो, हा १९१६ च्या पुस्तकातला त्याचा नियम आजही शिकवला जातो. १९२२ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला.

पैसा मात्र कुठेच टिकला नाही. डेमलर कंपनीचा सल्लागार म्हणून त्याने सुमारे वीस वर्षे काम केले, ते काम १९३० च्या आसपास सुटले. त्याच सुमारास, १९३१ मध्ये, त्याच्या नावाची मोटार कंपनीही डेमलरच्या मालकांनी घेतली. ध्वनिवर्धक बनवण्याचा त्याचा धंदा चालला नाही. १९१९ मध्ये डोरोथिया कूपर हिच्याशी लग्न झाले होते, मूलबाळ नव्हते. बर्मिंगहॅमच्या मोझली भागातले घर राखण्यासाठी शेवटी एका धर्मादाय निधीची मदत घ्यावी लागली.

१९३४ च्या सुमारास प्रकृती ढासळू लागली आणि निदान झाले ते पार्किन्सन्सचे. या आजारात मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. हात कापतात, हालचाल मंदावते, अक्षर बारीक होत जाते, चेहऱ्यावरचे भाव गोठतात. काटकोनात रेघ ओढणे हाच ज्याचा श्वास, अशा माणसाला हा आजार काय देतो याची कल्पना करता येईल. शिवाय दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दुसरे महायुद्ध पेटले, विमानांवर देशाचे भवितव्य ठरू लागले, आणि विमानाचा सिद्धांत सांगणाऱ्या या माणसाला कोणतेही सरकारी काम करता येईना. त्याचे त्याला फार दुःख होते. त्या वेळी पार्किन्सन्सवर बेलाडोना जातीच्या वनस्पतींपासून काढलेली औषधे देत. त्यांनी कंप थोडा कमी होई, पण तोंड कोरडे पडे आणि नजर आणखी अंधूक होई. लेव्होडोपा हे खरे उपयोगी औषध यायला १९६० चे दशक उजाडावे लागले.

१९४५ मध्ये यंत्र अभियंत्यांच्या संस्थेने त्याला जेम्स वॅट पदक दिले. ८ मार्च १९४६ रोजी मोझलीच्या घरी त्याचा मृत्यू झाला. १९४९ मध्ये लंडनच्या हॅरल्ड रिडली यांनी मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसवले. ते भिंग ज्या प्लास्टिकचे होते, त्याच जातीच्या प्लास्टिकची छते युद्धातल्या लढाऊ विमानांना असत. वैमानिकांच्या डोळ्यांत त्या छतांचे तुकडे घुसूनही डोळा चिडत नाही, हे रिडली यांनी पाहिले होते.